शहराची खानावळ आणि तिचे पाहुणे



तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून शासकीय कामानिमित्त मुंबईस येणाऱ्या मनुष्यापुढे पहिला प्रश्न असतो निवासाचा आणि दुसरा जेवणाचा. निवासाची सोय तो निघण्यापूर्वीच लावून ठेवतो. जेवणाचा प्रश्न मात्र दुपारी एक वाजता, काखेत फाइल आणि पोटात कावळे अशा अवस्थेत, भर रस्त्यात उभे राहून सोडवावा लागतो. समोर दिसेल त्या झगमगीत उपाहारगृहात शिरावे, तर दरपत्रक पाहूनच भूक मरते. गाडीवरचे काही खावे, तर परगावी प्रकृती बिघडण्याची धास्ती. शेवटी चहा आणि बिस्किटांवर दुपार काढून, रात्रीच्या गाडीत, 'मुंबईत पैसे मोजल्याशिवाय धड अन्न मिळत नाही' असा निष्कर्ष काढून तो गावी परततो.

हा निष्कर्ष खरा नाही. माफक दरात, ताजे आणि नाना चवींचे अन्न या शहरात मिळते. फक्त ते दर्शनी रस्त्यावर क्वचित आढळते. स्थानकाच्या मागील अंगास, मंडईच्या माडीवर, चाळीच्या तळमजल्यावरील दोन खणांत ते शिजत असते. दारावर पाटी असेलच असे नाही आणि असलीच तरी ती धुराने काळवंडलेली असते. एकटा मनुष्य अशा ठिकाणी उंबऱ्यापर्यंत जातो आणि बहुधा तेथूनच मागे फिरतो. आत बसलेली मंडळी एकमेकांस ओळखत असतात, कोणास भात आधी लागतो आणि कोणास आमटी दोनदा लागते हे वाढप्याला पाठ असते, आणि नवख्याला आपण कोणाच्या तरी घरात शिरत आहोत असे वाटू लागते. त्याचे हे वाटणे अगदीच अस्थानी नाही. यांपैकी अनेक खानावळी मुळात कोणाच्या ना कोणाच्या घरातूनच निघाल्या आहेत.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची दाटी झाली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून हजारो पुरुष मुंबईस आले. बायको-मुले गावीच राहिली. एका गावची दहा-पंधरा माणसे मिळून चाळीत एक खोली घेत. जागा पुरत नसे, म्हणून पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागी रात्रपाळीचा माणूस पाठ टेकवी. स्वयंपाकाला जागा नव्हती, वेळ नव्हता आणि बहुतेकांना तो येतही नव्हता. ही गरज भागविली ती त्याच चाळीत राहणाऱ्या, बहुधा त्याच मुलखातून आलेल्या स्त्रियांनी. कोणाचा नवरा आजारी, कोणाचा व्यसनी, कोणी विधवा, कोणाच्या घरात खाणारी तोंडे अधिक. अशी एखादी बाई दहा-वीस कामगारांचे दोन वेळचे जेवण महिन्याच्या बोलीवर करून देऊ लागली. तिला गिरणगावाने नाव दिले 'खानावळवाली'. भोंग्याच्या आधी डबा तयार ठेवणे, पाळी सुटल्यावर ताट वाढणे आणि पगाराच्या दिवशी हिशेब करणे असा तिचा दिनक्रम असे.

ही खानावळ स्वस्त का पडत असे, याचा विचार थोडा खोलात जाऊन करण्याजोगा आहे. कारण स्वस्त म्हणजे हलके, अशी समजूत शिकलेल्या लोकांत विशेष दिसते. किती माणसे जेवणार हे खानावळवालीला सकाळीच ठाऊक असे. म्हणून भाकऱ्या मोजून थापल्या जात, भात मोजून शिजे आणि उरलेले अन्न टाकून देण्याची पाळी येत नसे. पदार्थांची निवड तिच्या हाती होती: बाजारात जी भाजी त्या दिवशी उतरलेली ती त्या दिवशीच्या ताटात. घरातील माणसेच हाताखाली राबत, जागा राहती, भाडे जुने. सभासद गावी जाणार असेल तर तो आधी सांगे आणि तितक्या दिवसांचा 'खाडा' धरला जाई. खाडा हा लहानसा शब्द आहे, परंतु सारा व्यवहार त्यावर तोललेला आहे. न खाल्लेल्या जेवणाचे पैसे द्यावयाचे नाहीत, हा जेवणाऱ्याचा हक्क. आणि न सांगता गैरहजर राहून शिजलेले वाया घालवावयाचे नाही, हे त्याचे कर्तव्य. आजही पुण्याच्या पेठांतील विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये हाच शब्द आणि हाच नियम आढळतो. हॉटेलात वीस पदार्थांची यादी असते आणि त्यांतील जे खपत नाहीत त्यांची किंमत खपणाऱ्या पदार्थांवर चढते. खानावळीत यादीच नसते.

या व्यवस्थेचा सारा भार खानावळवालीच्या शिरावर होता, हे मात्र विसरता येणार नाही. कामगार महिनाअखेर पैसे देणार. वाणी मात्र उधारीवर चढा भाव आणि सावकार भारी व्याज लावणार. भांडी आणि दागिने गहाण पडत. १९७३-७४ मधील गिरणी कामगारांच्या ४२ दिवसांच्या संपात तर पगारच थांबला. परंतु या स्त्रियांनी कामगारांची ताटे थांबविली नाहीत. उधारीवर जेवू घालून त्या स्वतः कर्जात बुडाल्या. याच अनुभवातून १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची उभारणी केली. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले होते आणि लहान व्यावसायिकास कर्ज देणे हे बँकांचे कर्तव्य ठरलेले होते. त्याचा आधार घेऊन प्रारंभी १४ खानावळवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये कर्ज मिळवून देण्यात आले. रक्कम लहान होती. परंतु ज्या बाईचा धंदा कोणत्याही दप्तरात नव्हता, जिच्या स्वयंपाकाला कोणी काम म्हणून मोजले नव्हते, तिचे नाव प्रथमच बँकेच्या खातेवहीत आले. पुढे मंडळाचा विस्तार होऊन हजारो स्त्रिया त्यात आल्या, आणि प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे २,५०,००० कामगार उतरले. तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे थांबले, आणि खानावळीचा सभासदही पांगला. ज्या खानावळी टिकल्या त्यांनी नवा सभासद शोधला: कचेरीतील शिपाई, कुरिअरचा मुलगा, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांतील सुरक्षारक्षक, रुग्णालयात नातेवाइकाजवळ बसलेला परगावचा मनुष्य. लालबाग-परळच्या गल्ल्यांत आज बांगड्याचे तिखले, तिसऱ्यांचे सुके किंवा कोंबडी-वडे मिळणारी जी छोटी मालवणी भोजनगृहे दिसतात, त्यांच्यामागे हा इतिहास आहे. तेथे जाणाऱ्याने इतके ध्यानात ठेवावे की जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा आग्रह धरण्याऐवजी सोड्याची खिचडी किंवा सुक्या जवळ्याची चटणी मागणारा पाहुणा जाणता समजला जातो.

गिरणगावाची ही कहाणी मराठी माणसाला जवळची. परंतु मुंबईत जो जो समाज पोटासाठी आला त्याने आपापली खानावळ बरोबर आणली. जहाजावरील नोकरीची वाट पाहणाऱ्या गोव्याच्या खलाशांनी धोबी तलाव आणि माझगावच्या बाजूस गावागावांचे 'कूड' स्थापिले. भिवंडीच्या यंत्रमागांभोवती मजुरांच्या 'भिशा' उभ्या राहिल्या. आज भिशी म्हटले की पैशांची पाळी एवढेच आठवते. पण सर्वांनी मिळून शिधा घालावा आणि एकत्र जेवावे, हा त्या शब्दाचा जुना अर्थ भिवंडीत अजून जिवंत आहे. दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेल्या ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंग्यास उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकालगत, मंडईच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम्, कूट, ताक अशा क्रमाने जेवण येते. गर्दीच्या वेळी पाळी येईपर्यंत थांबावे लागते. परंतु एकदा पान मांडले की जेवणाऱ्याला कोणी उठवीत नाही. शीव कोळीवाड्याची गोष्ट तर गमतीची आहे. 'कोळीवाडा' या नावाने देशभर खाल्ली जाणारी तळलेली कोळंबी ही कोळी बांधवांच्या घरातली नव्हे. फाळणीनंतर त्या वस्तीत येऊन राहिलेल्या पंजाबी निर्वासितांच्या हातची ती चव, असे सांगितले जाते. बेसन आणि ओव्याची पंजाबी रीत आणि पश्चिम किनाऱ्याची कोळंबी यांची गाठ तेथे पडली. वस्तीचे नाव पदार्थाला चिकटले. रेल्वे स्थानकाचे नाव पुढे बदलून गुरू तेग बहादूर नगर झाले, तरी पदार्थाचे नाव बदलले नाही.

इराणी हॉटेलाचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. इराणातील यझ्द आणि केरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी आलेल्या झरतुश्ती मंडळींनी चौकाच्या कोपऱ्यावरील जागा घेतल्या. इतर व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, म्हणून ती यांना सुलभ झाली, असे म्हणतात. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ चे. संगमरवरी टेबल, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई, ब्रून-मस्का आणि दाट चहा. कोणीही यावे, एका चहावर तासभर वृत्तपत्र वाचीत बसावे, मालकाने कपाळाला आठी घालू नये. त्या काळाच्या मुंबईत ही गोष्ट लहान नव्हती.

येथे थोडे थांबले पाहिजे. खवय्येगिरीच्या गप्पांत एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. जुन्या खानावळींच्या दारांवर ज्या पाट्या असत त्यांत केवळ नाव आणि दर नसे. कोणत्या जातीच्या माणसाने आत यावे हेही अनेक ठिकाणी लिहिलेले असे. जेथे लिहिलेले नसे तेथे वेगळी कपबशी ते सांगून जाई. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांमुळे कोणासही आडकाठी करता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने, ज्याला १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले, उपाहारगृहातील भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मनाई करणे हाही दंडनीय अपराध ठरविला. कायदा करणाऱ्यांना कपबशीपर्यंत उतरावे लागले, यावरून त्या टेबलाभोवती काय काय घडत होते याची कल्पना यावी. कोणत्याही मोहल्ल्यातील खानावळीत कोणीही जाऊन बसावे, ही आज सहज वाटणारी मुभा अशी कमावलेली आहे. ज्या ठिकाणी ती अजून कागदावरच आहे, तेथे ती अमलात आणण्याचे दायित्व या सभागृहात बसलेल्या अनेकांच्या पदाशी जोडलेले आहे.

कायद्याने दार उघडते, पण उंबऱ्यावरचा संकोच कायद्याने जात नाही. तो सोबतीने जातो. म्हणूनच अशा ठिकाणांचा शोध दोन-चार रसिक स्नेह्यांनी मिळून घ्यावा, हे उत्तम. या सोबतीचे व्यावहारिक फायदेही आहेत. चौघांनी चार निरनिराळे पदार्थ मागविले आणि वाटून खाल्ले, तर एकाच्या खर्चात चार चवी कळतात. एकास झेपली नाही ती तिखट तर्री दुसरा आवडीने संपवितो. चौघांपैकी एक त्या वस्तीतला, त्या बोलीचा किंवा त्या समाजाचा असला तर बोलणेच बदलते. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीच्या परिसरात नवख्याने एकट्याने हिंडणे आणि तेथेच लहानाचा मोठा झालेल्या सहकाऱ्याबरोबर हिंडणे, यांत फार अंतर आहे. कोणत्या दुकानातील मालपुवा ताज्या तुपातला, कोणाकडे बसण्यास बाकडे मिळते, नळीचे निहारी किती वाजता संपते, हे तो सांगतो. अशा सहकाऱ्यास पुढे आपल्या वस्तीतील मिसळीच्या दुकानात नेले की फेड होते. शिक्षकांच्या दालनात, कचेरीच्या एका शाखेत चार जिल्ह्यांची आणि चार बोलींची माणसे असतात. परंतु एकमेकांच्या घरातील आमटीची चव त्यांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते.

मात्र सोबत चौघांचीच असावी. लहान खानावळीत टेबले चार माणसांची आणि तीही मोजकी. दहा-बारा जणांचा जथा दुपारी साडेबाराला आत शिरला, की रोजच्या सभासदांना दाराबाहेर तिष्ठावे लागते, आणि त्यांची जेवणाची सुटी अर्ध्या तासाचीच असते. पाहुण्यांनी साडेअकराला जावे किंवा दोननंतर. जेवण झाल्यावर टेबल अडवून गप्पा मारू नयेत. त्यासाठी इराण्याचे हॉटेल आहे. काय मागवावे असा प्रश्न पडला तर शेजारच्या टेबलावर नित्याचा मनुष्य काय खातो ते पाहावे, आणि वाढप्याला आज काय ताजे आहे ते विचारावे. यादी जितकी आखूड तितका भरवसा अधिक, हा ठोकताळा सहसा चुकत नाही. स्वच्छतेची परीक्षा भिंतीच्या रंगावरून करू नये. पिण्याच्या पाण्याचे पिंप झाकलेले आहे काय, ताटे कोणत्या पाण्यात विसळली जातात, पुसण्याचे फडके कसे आहे, आणि स्वयंपाकी व वाढपी स्वतः तेच अन्न जेवतात काय, एवढे पाहिले तरी पुरते. सोबत्यांपैकी एकाने वही ठेवावी. तीत पत्ता, साप्ताहिक सुटी, गर्दीची वेळ, विशेष पदार्थ आणि दर लिहावा, व दराशेजारी तारीख अवश्य टाकावी. तारखेविना लिहिलेला दर वर्षभराने भांडणास कारण होतो.

आता या छंदाची दुसरी बाजू. एखादे स्वस्त ठिकाण सापडले की ते सर्वांना सांगावेसे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. पूर्वी तोंडोतोंडी कीर्ती पसरण्यास वर्षे लागत. हल्ली भ्रमणध्वनीवरील एका चित्रफितीने आठवड्यात गल्लीत रांग लागते. मालकास आनंद होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु त्या रांगेचा परिणाम काय होतो? नव्या गिऱ्हाइकास निवड हवी असते, म्हणून यादी वाढते. यादी वाढली की नासाडी वाढते. किती माणसे येतील हे सकाळी सांगता येत नाही. हाताखाली पगारी माणसे ठेवावी लागतात. दर चढतो, नव्या पाहुण्यास तो चढाही स्वस्तच वाटतो, कारण त्याची तुलना मोठ्या हॉटेलाशी असते. महिन्याचे सभासद मालकाला अडचणीचे वाटू लागतात, आणि एके दिवशी 'मासिक जेवण बंद' अशी पाटी लागते. पाहुण्यांची लाट सहा महिन्यांनी दुसऱ्या गल्लीत जाते. तोपर्यंत जुना सभासद वडापाववर दिवस काढण्यास शिकलेला असतो. वडापाव हे उत्तम खाणे आहे. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर त्याचा जन्म झाला असे मानतात आणि त्याने या शहराची भूक मोठ्या प्रमाणावर भागविली आहे. पण ते दोन वेळचे जेवण नव्हे.

म्हणून पाहुण्याने आपले पाहुणेपण ओळखून असावे. महिन्यातून दोनदा, तीच चार माणसे, गर्दी टाळून, आधी कळवून आली, तर ती खानावळीच्या अर्थव्यवस्थेत सभासदासारखीच बसतात. घासाघीस करू नये, मोड द्यावी, न आवडलेला पदार्थ आधीच नको म्हणावा, आणि ताटात टाकू नये. यादीत नसलेले मागू नये. मालकाच्या परवानगीविना स्वयंपाकघराची छायाचित्रे काढू नयेत. ते अनेकदा कोणाचे तरी राहते घर असते.

पाहुण्यांपेक्षा मोठे संकट जागेचे आहे. बहुतेक जुन्या खानावळी आणि इराणी हॉटेले जुन्या भाड्याच्या इमारतींत आहेत. भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळे त्यांचा दर परवडला. इमारत पुनर्विकासास गेली की मालकाला नव्या इमारतीत गाळा मिळतोही. परंतु बांधकामाच्या चार-पाच वर्षांत सभासद विखुरतात, स्वयंपाकी गावी जातो, आणि नव्या गाळ्याचा देखभाल खर्च जुन्या भाड्याच्या अनेक पटींनी असतो. गिरगावात खोताच्या वाडीतील अनंताश्रम हे माशांच्या जेवणासाठी विख्यात असलेले ठिकाण कालौघात बंद झाले. अशी कित्येक नावे आता केवळ वृद्धांच्या बोलण्यात उरली आहेत. शहराच्या विकास आराखड्यात शाळा, दवाखाना, मैदान यांसाठी जागा राखून ठेवल्या जातात. ज्या वस्तीत हजारो माणसे घरापासून दूर राहून काम करतात, त्या वस्तीत स्वस्त जेवणाची जागा ही तशीच निकड आहे, असा विचार नियोजनकारांनी करण्यास हरकत नाही.

शासनाने या प्रश्नात हात घातलेला नाही असे नव्हे. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली आणि काही वर्षे चालली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन योजनेखाली दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात अशी थाळी १० रुपयांत देण्यास आरंभ झाला. त्याच वर्षी टाळेबंदीच्या काळात तिचा दर ५ रुपये करण्यात आला आणि हातावर पोट असलेल्या असंख्य माणसांना तिने तारले. परंतु अशा योजनांची ताकद अनुदानावर अवलंबून असते, तर गल्लीतील खानावळ सरकारी तिजोरीवर भार न टाकता चालते. तिला हवी असते ती अडवणुकीपासून मुक्तता. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याची अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून झाली, आणि त्यात लहान विक्रेत्यांसाठी परवान्याऐवजी साध्या नोंदणीची सोय आहे. अनेक खानावळवाल्यांना ही सोय ठाऊक नसते; मध्यस्थ त्याचा लाभ उठवितो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावयाचे आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया. ज्या नगरपालिकेत ही समिती नियमाने बसते तेथे भजी-मिसळीच्या गाड्यांना जागा, नळ आणि कचऱ्याची पेटी मिळण्याची शक्यता निर्माण होते. नळ मिळाला की स्वच्छतेचे निम्मे प्रश्न मिटतात, हे आरोग्य निरीक्षकाला सांगावयास नको.

आतापर्यंतचे विवेचन मुंबईचे झाले. परंतु तालुक्याच्या ठिकाणी हा विषय तितकाच जिवंत आहे. आठवड्याच्या बाजारी पालाखाली मटण-भाकरी शिजते, एस.टी. स्थानकामागे कोणी बाई पिठले-भाकरी देते, खानदेशात शेवभाजी, सोलापूरकडे कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, नागपुरास सावजी रस्सा. मुंबईत भरणाऱ्या 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शनात बचत गटांच्या स्त्रिया हेच पदार्थ रांधतात आणि शहरातील लोक त्यावर तुटून पडतात. तीच बाई आपल्या गावी परतल्यावर मात्र तिच्या दारात गिऱ्हाईक नसते, कारण तालुक्यास येणारा अधिकारी महामार्गावरच्या ढाब्यावर पंजाबी भाजी खातो. पंचायत समितीची सभा महिन्याला ठरलेली असते. शिक्षकांचे प्रशिक्षण असते, केंद्रप्रमुखांची बैठक असते, माणसांचा आकडा आधी माहीत असतो. अशा दिवशी चौघा-पाचांनी आळीपाळीने निरनिराळ्या गटाकडे जेवावयाचे ठरविले, तर वर्षभरात तालुक्यातील सगळ्या चवी माहीत होतील. अट एवढीच की आदल्या दिवशी सायंकाळी दूरध्वनी करून किती जण येणार ते सांगावे. कोणी येणार नसेल तर तो खाडाही त्याच वेळी कळवावा. म्हणजे सकाळी भाकऱ्या किती थापावयाच्या ते तिला समजते.